शब्द दोनदा उच्चारला की अर्थ वाढतो की पातळ होतो?

मांडवीकर (वडोदरा):
आमच्या मराठी घरात ‘चहाबिहा’ म्हणतात, गुजराती शेजारी ‘चा-बा’ म्हणतात आणि हिंदी बोलणारे ‘चाय-वाय’. शब्द दुप्पट केला की अर्थाला जोर येतो, अशी माझी समजूत होती आणि ‘लाल लाल’, ‘गरम गरम’ यांना ती लागूही पडते. परंतु ‘आमटी आंबट आंबट लागते आहे’ असे म्हणताना आंबटपणा किंचितच अभिप्रेत असतो. हा केवळ आपल्याकडचा प्रकार आहे, की इतर भाषांतही असे घडते?

अभ्यस्त:
पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच द्विरुक्तीचा विचार केला आहे. ‘नित्यवीप्सयोः’ (८.१.४) या सूत्रानुसार क्रियेचे सातत्य किंवा प्रत्येकाला व्यापणे दाखवण्यासाठी पद दोनदा येते, आपले ‘रडत रडत’ आणि ‘घरोघरी’ याच जातीचे. पुढे ‘प्रकारे गुणवचनस्य’ (८.१.१२) या सूत्राने गुणवाचक शब्दाची द्विरुक्ती ‘त्यासारखा, पण पूर्णपणे तसा नव्हे’ या अर्थाने सांगितली आहे, म्हणजे तुमच्या आंबट आमटीची सोय तेव्हाच झालेली आहे. इंडोनेशियन भाषेतही दोन्ही टोके सापडतात: ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘ओरांग-ओरांग’ म्हणजे माणसे; परंतु ‘मेराह’ म्हणजे तांबडा आणि ‘कमेराह-मेराहन’ म्हणजे तांबूस.

सयाजीगंज:
‘चहाबिहा’ मात्र वेगळा काढावा, कारण त्यात शब्दाची नव्हे, त्याच्या पडसादाची जोड आहे आणि अर्थ ‘चहा व तत्सम काही’ असा होतो. तमिळमध्ये ‘पुली-गिली’ म्हणजे वाघ वगैरे, तुर्कीत ‘किताप-मिताप’ म्हणजे पुस्तके वगैरे. गुजराती फक्त आद्य व्यंजन बदलते, तर मराठी स्वरासकट ‘बि’ घालते. आपल्या गावातल्या मराठीत ‘नाश्ताबिश्ता’च्या जागी ‘नाश्ताबाश्ता’ ऐकू येतो तो, माझ्या मते, गुजरातीच्या शेजारामुळे. या पडसादात थोडी बेफिकिरीही असते: ‘अभ्यासबिभ्यास काही झाला का?’ या प्रश्नात अभ्यासाविषयी फारसा आदर नाही.

अभ्यस्त:
मान्य. एक पुरवणी जोडतो. ‘टपटप’, ‘खळखळ’ यांत आवाजच पुन्हा पुन्हा होत असल्याने नाद आणि अर्थ यांचे नाते उघड आहे. व्याकरणात शिरल्यावर ते तसे राहत नाही. संस्कृतात ‘दृश्’ धातूच्या आद्याक्षराच्या ‘अभ्यासा’ने (म्हणजे ते दोनदा उच्चारून) ‘ददर्श’ हे भूतकाळाचे रूप सिद्ध होते, लॅटिनमध्ये ‘कुर्रो’ म्हणजे धावतो आणि ‘कुकुर्री’ म्हणजे धावलो. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये मात्र ‘सुलात’ या लेखनवाचक धातूपासून त्याच युक्तीने झालेल्या ‘सुसुलात’चा अर्थ ‘लिहील’ असा, म्हणजे थेट भविष्यकाळाचा आहे.