‘मिटिगेटिंग’ला मराठीत काय म्हणावं? ‘सूट’ खटकतंय

गोदाकाठ (नांदेड)
कायदेविषयक शिबिरासाठी चार पानी पत्रक करतेय. विषय : खुनाच्या खटल्यात शिक्षा ठरवताना आरोपीचा मानसिक आजार कसा विचारात घेतात. ‘मिटिगेटिंग फॅक्टर’ला मी ‘शिक्षेत सूट देणारा घटक’ लिहिलं आणि रविवारी बायकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. पुढं बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, “म्हंजे खून करून येडं हाय म्हून सोडून द्यायलेत का?” मी दहा मिनिटं समजावलं. खून केला हे ठरलेलंच असतं, प्रश्न फक्त फाशी की जन्मठेप एवढाच. आजी म्हणाल्या, “मग तसं लिव्हा की.”
तसं लिहायला शब्द द्या. ‘सौम्यकारी परिस्थिती’ माहीत आहे, पण बैठकीत ते वाचलं की माना खाली जातात.

जुना वकील, परभणी
ताई, आजींचा घोटाळा तुमच्या शब्दानं झाला, त्यांचा दोष नाही. कायद्यात दोन वेगळी दारं आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचं 22 : कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हेच मनोविकलतेमुळं कळत नसेल तर तो गुन्हाच नाही. हे इंग्लंडमधल्या 1843च्या मॅकनॉटन खटल्यातून आलेलं. तुमचं पत्रक दुसऱ्या दाराचं. दोष सिद्ध झालाय, आता शिक्षा किती. बच्चन सिंग निकालानं (1980) फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती ठेवली, त्यात तीव्र मानसिक क्षोभ आणि मनाची विकलता या गोष्टी आरोपीच्या बाजूनं मोजायला सांगितल्या.
‘सूट’ तर मुळीच नको. 2019 साली महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी सुप्रीम कोर्टानं शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळं रद्द केली आणि मरेपर्यंत कारावास दिला, तोही कसलीही सूट (म्हणजे मुदतीआधी सुटका) न देता. आता तुमच्या पत्रकात हे कसं लिहाल? ‘आजारामुळे सूट मिळाली, पण सूट मिळणार नाही’?

मोंढेकर
आमच्याकडं रोज वापरायचा शब्द आहे : कडता. सोयाबीन ओलं आलं की मापातून कडता धरतात. माल तुमचाच, वजन झालेलंच, त्यातून अमुक वजा. शिक्षेतही तेच की.

तेरची
मोंढेकर, राग मानू नका, पण कडता म्हटलं की मला माझे वडील दिसतात. काट्यासमोर पिशवीची घडी हातात धरून उभे, आणि व्यापारी ढिगात हात घालून दाणे दातानं फोडून बघतोय, “वल्ला हाय, दोन किलो धरा.” आमच्या घरात या शब्दाचा अर्थ ‘लुबाडणूक’ एवढाच आहे. आजाऱ्याच्या बाबतीत तो नको.

जुना वकील, परभणी
शिवाय हे वजाबाकीचं गणित नाही. माछी सिंग निकालात (1983) आरोपीच्या विरुद्ध आणि बाजूच्या गोष्टींचा ताळेबंद मांडा असं म्हटलं होतं खरं, पण 2012च्या संगीत निकालानं त्यावर बोट ठेवलं : गुन्ह्याची क्रूरता आणि माणसाची अवस्था या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी, एका तराजूत कशा घालणार?

हैदराबादी आजोबांचा नातू
माझे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते. ते ‘सजेत तखफीफ’ म्हणायचे. तखफीफ म्हणजे हलकं करणं. नेमका शब्द! पोलीस ॲक्शननंतर आपण असे शब्द टाकून दिले आणि संस्कृत शब्द पाठ करत बसलो.

मराठीच लिहा
टाकले नाहीत, ते कचेरीबाहेर कधी आलेच नव्हते. आजींना तखफीफ कळेल? ‘सौम्यकारी’ आज जड वाटतो, ‘जिल्हाधिकारी’सुद्धा कधीतरी जड वाटला असेल. वापरा, रुळेल.

नातू
जिल्हाधिकाऱ्याला आमच्या गावात अजून कलेक्टरच म्हणतात.

तेरची
तुम्ही सगळे एका शब्दामागं लागलात. माझ्या मते अडचण ‘येडं’ या शब्दात आहे. आमच्याकडं जन्मापासून मंद असलेलं लेकरूही येडं, आणि चाळिशीत भ्रम झालेला माणूसही येडा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात मतिमंदत्व मानसिक आजारात धरलेलं नाही. आमच्या चुलत्यांना आवाज ऐकू यायचे. भर उन्हाळ्यात कानांत कापूस, वरून उपरणं गच्च बांधलेलं. रेडिओतले सेल काढून ते पिठाच्या डब्यात पुरून ठेवायचे. गाव म्हणायचं ‘बाहेरचं’ आहे. आजार हा शब्द घरात पहिल्यांदा आला तो सात वर्षांनी. त्या सात वर्षांत त्यांच्या हातून काही घडलं असतं, तर कोर्टात आजाराचा कुठला कागद दाखवला असता आम्ही?

जुना वकील, परभणी
ताई, हाच खरा पेच आहे. कागद नसतो. मनोज निकालानं (2022) म्हणूनच फाशीच्या प्रकरणात आरोपीची मानसिक तपासणी सुरुवातीलाच, शिक्षेच्या सुनावणीआधी, मागवायला सांगितलं. शब्दाचं म्हणाल तर संसदही अडखळलीच. न्याय संहितेच्या 2023च्या पहिल्या मसुद्यात कलम 22ला ‘मेंटल इलनेस’ (मानसिक आजार) घातलं होतं, पुढं जुनं ‘अनसाउंड माइंड’च (मनोविकलता) परत आलं. मला ते बरोबर वाटतं. प्रत्येक आजारानं माणसाची समज जात नाही.

मराठीच लिहा
‘वेडा’ हा शब्द मुळात ‘वेढा’वरून, मनाला वेढा पडलेला. त्यात कमीपणा नाही.

नातू
कोणत्या कोशात? उगीच ढ-ड जुळला की व्युत्पत्ती होत नाही. ‘पिसा’ पिशाचावरून म्हणतात ते तरी पटतं.

गोदाकाठ (नांदेड)
पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय हो. तूर्त ‘दोषी ठरल्यावर शिक्षा कमी करायला लावणारी गोष्ट’ एवढं लांबलचक लिहिलंय. काल आजींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “कमी म्हंजे किती?” मी म्हटलं, फाशीच्या जागी मरेपर्यंत जेल. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “जेलात त्याला औषध देतेत का पण?”
याचं उत्तर पत्रकात नाही. वकीलकाका, तिसऱ्या पानावर चार ओळींची जागा आहे.

मोंढेकर
पिसावरून आठवलं. माझी आजी दळताना ‘पिसं लेकरू’ म्हणायची, पण ते लाडानं. कुणाकडं अजून म्हणतात का?