भावाचं जहाज युद्धात पकडलंय. तो युद्धकैदी ठरतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही विक्रोळीला राहतो. माझा मोठा भाऊ ११ वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, सध्या एबी (म्हणजे डेकवरचा खलाशी, ऑफिसर नाही). गेल्या महिन्यात त्याचं मालवाहू जहाज लढाईत उतरलेल्या एका देशाच्या नौदलाने अडवलं आणि आपल्या बंदरात नेलं. जहाजावर झेंडा त्यांच्या शत्रूचा, आत खताच्या गोणी आणि क्रूमध्ये ४ भारतीय. दादाला त्रास नको म्हणून देशांची नावं लिहीत नाही.

आजवर एकच फोन आला, पावणेदोन मिनिटांचा. "आईला सांग, मी जेवतोय. आम्हाला खाली उतरवलंय. कागदावर सही घेतली, भाषा कळली नाही." एवढंच बोलणं झालं. तेव्हापासून आईने मोबाईल देवघराशेजारच्या प्लगला लावून ठेवलाय आणि ती तिथेच पाट टाकून बसते.

एजंट वहिनीला म्हणाला, "ते युद्धकैदी आहेत, युद्ध संपेपर्यंत काही होणार नाही, पेपरवाल्यांकडे जाऊ नका." वहिनी खचली. मी वकील नाही, पण १० रात्री बसून वाचलंय आणि मला हे पटत नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४ मध्ये लढणाऱ्या देशांच्या व्यापारी जहाजांचे खलाशी युद्धकैदी धरलेत, हे खरं. कलम ११८ प्रमाणे युद्धकैद्यांना प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर सोडायचं असतं. एजंट तेवढंच सांगतोय. पण कलम ४ मध्येच अट आहे की दुसऱ्या कायद्याने याहून चांगली वागणूक मिळत नसेल तरच. ती चांगली वागणूक मला १९०७ च्या अकराव्या हेग करारात दिसली. शत्रूचं व्यापारी जहाज पकडलं, तरी त्यावरच्या तटस्थ देशाच्या खलाशांना युद्धकैदी करायचं नाही. कॅप्टन आणि ऑफिसर तटस्थ देशाचे असतील, तर युद्ध चालू असेपर्यंत शत्रूच्या जहाजावर काम करणार नाही, असं त्यांनी लेखी द्यायचं. दादा ऑफिसर नाही. मग त्याची सही कशावर घेतली? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

चौथा जिनिव्हा करार नागरिकांसाठी आहे, पण तिथेही अडचण आहे. तटस्थ देशाचा माणूस लढणाऱ्या देशाच्या भूमीवर असेल आणि त्याच्या देशाची वकिलात तिथे नीट चालू असेल, तर त्याला 'संरक्षित व्यक्ती' मानत नाहीत. त्याचा देश त्याचं बघेल, असं धरलंय. म्हणजे दादाची सगळी भिस्त आपल्या वकिलातीवर. युद्धकैद्यालासुद्धा महिन्याला किमान २ पत्रं आणि ४ कार्डं लिहू द्यावी लागतात. आमच्याकडे एक ओळ नाही आली.

परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. कांजूरमार्गला डीजी शिपिंगमध्ये (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं कार्यालय) दादाच्या सीडीसीची (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स जोडून अर्ज दिलाय.

जाणकारांनी कृपया सांगा. हेग कराराचा हा मुद्दा आज कोणी ऐकून घेतं का, की आम्ही १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ धरून फक्त वकिलातीच्या अधिकाऱ्याच्या भेटीचाच आग्रह धरावा? अर्जात 'युद्धकैदी' शब्द लिहिला तर आपणच ते कबूल केल्यासारखं होईल का? ज्यांच्या घरचं कोणी या धंद्यात आहे त्यांनी पगाराचंही सांगा. कैदेत पगार चालू ठेवायची सोय समुद्री चाचे आणि दरोड्यापुरती आहे असं वाचलं, आणि वहिनीची अलॉटमेंट (दादाच्या पगारातून घरी येणारी रक्कम) या महिन्यात आलेली नाही.

रेडक्रॉसमार्फत कोणी आपल्या माणसाचा शोध घेतला असेल तर अर्ज कुठे आणि कसा दिला, ते जरूर लिहा. त्यांच्या हातून औषध पोचवता येतं का? दादाला थायरॉईड आहे. तो ९० दिवसांच्या गोळ्या घेऊन गेला होता, त्या २२ तारखेला संपतात.