मदत हवी आहे: उन्हाळ्यात स्टायपेंड मिळेल अशी बायोलॉजीची रिसर्च इंटर्नशिप (अर्जंट)

गवती_चहा (शुक्रवार, रात्री ११:४०)
नमस्कार. मे-जूनमध्ये बायोलॉजीत रिसर्च इंटर्नशिप करायची आहे. स्टायपेंड पाहिजेच. गूगल करून झालंय. 'टॉप १० इंटर्नशिप' वाल्या साइट सगळ्या एकमेकींची कॉपी आहेत आणि निम्म्या लिंका मेलेल्या आहेत, त्या कृपया टाकू नका. कॉलेजात विचारलं तर 'बघू' म्हणतात, दिवाळीपासून बघतायत. कोल्हापुरातून कुणी अशी इंटर्नशिप केली असेल तर नेमका कुठं अर्ज करायचा तेवढं सांगा. सोमवारपर्यंत ठरवायचं आहे.

तांबडा_पांढरा (११:५२)
सोमवारी काय हाय?

रंकाळ्याचे_मास्तर (शनिवार, सकाळी ६:१५)
कितवं वर्ष? बायोलॉजी म्हणजे बॉटनी, झूलॉजी, मायक्रो की बायोटेक? टक्के किती? बाहेरगावी राहता येईल का? कॉलेजातून शिफारसपत्र मिळेल का? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगायचं? मी तीस वर्षं झूलॉजी शिकवलं. मुलं 'सर, काहीतरी सांगा' म्हणत यायची, तसलाच हा प्रश्न आहे.

न्यूजर्सीचे_अण्णा (७:०५)
अहो, इकडं अमेरिकेत एनएसएफचा (सरकारी विज्ञान निधी संस्थेचा) आरईयू म्हणून कॉलेजच्या मुलांसाठी संशोधनाचा कार्यक्रम आहे. माझ्या मुलीनं केला. दहा आठवडे, स्टायपेंड चांगला, राहायची सोय युनिव्हर्सिटीची. बायोलॉजीची भरपूर केंद्रं आहेत. तुम्ही लोक तिथं बसून संधी नाहीत म्हणता, पण शोधायची वृत्ती पाहिजे.

पीसीआर_पांडू (८:३०)
अण्णा, आरईयूचं अनुदान फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतं. गारगोटीच्या पोरीनं वृत्ती कितीही दाखवली तरी फॉर्ममध्ये पहिल्याच प्रश्नाला अडकणार.

न्यूजर्सीचे_अण्णा (८:४१)
गारगोटी कुठून आली? तिनं कुठं लिहिलंय? आणि मी माहिती दिली, एवढं चिडायला काय झालं?

पीसीआर_पांडू (८:४४)
तिच्या प्रोफाइलवर गाव लिहिलंय.

गवती_चहा (९:२०)
एसवाय, बॉटनी. सीजीपीए ८.९. बाहेर जाऊ शकते, पण राहण्याजेवणाचा खर्च घरून निघणार नाही. मे महिन्यात मी एका क्लासमध्ये दहावीच्या व्हेकेशन बॅच घेते, त्याचे पैसे वर्षभर पुरवते. क्लासवाल्यांना सोमवारी हो-नाही सांगायचंय. म्हणून स्टायपेंड म्हणाले. शौक नाही.

तांबडा_पांढरा (९:३३)
आता कळलं सोमवारचं. पण ताई, मनापासून सांगतो, बॉटनीत काय करणार? एमपीएससीला लागा. आमच्या गल्लीत दोघं पीएसआय झाली, जेसीबीतून गुलाल उधळला.

रंकाळ्याचे_मास्तर (९:४०)
गुलाल दोघांवर उडाला. तुमच्या गल्लीतनं फॉर्म किती जणांनी भरले होते, तेही सांगा.

पीसीआर_पांडू (१०:१०)
मूळ प्रश्नावर येतो. आधी वाईट बातमी: मोठी दारं मार्चपर्यंत बंद झालेली असतात. सगळ्यात ओळखीची म्हणजे देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून समर रिसर्च फेलोशिप. बेंगळुरूची इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अॅकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेस). दोन महिने देशातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत काम, स्टायपेंड, वर रेल्वेचं भाडं. मी २०१९ ला केली, तेव्हा महिना १२,५०० होते आणि राहणं-खाणं त्यातच भागवायचं. भागलं. पण अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरायचा असतो, नोव्हेंबर सरला की संपलं. त्यात 'तुला काय करायचंय' यावर एक छोटा उतारा आणि शिक्षकांचं पत्र लागतं. बहुतेकांचा अर्ज त्या उताऱ्यातच पडतो. 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' असं लिहिलेले हजारोंनी येत असणार.
मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, बेंगळुरूला जक्कूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेची फेलोशिप, हेही हिवाळ्यातच उरकतं. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही इंटर्नशिप बारा आठवड्यांची आहे, पण तिची मुदत आदल्या सप्टेंबरलाच संपते.
म्हणजे यंदा एकच वाट: शास्त्रज्ञांना थेट मेल. त्यात जागा मिळते, पैसे क्वचित.

गवती_चहा (१०:२५)
म्हणजे 'बघू बघू' करत होते तेव्हाच मुदत गेली. छान.

सह्याद्री_भटक्या (१०:५०)
ताई, बॉटनीवाली आणि लॅबच्या एसीत बसून डीएनए तपासायचं जेल चालवणार? आपल्या दारात सह्याद्री आहे! मसाई पठार, राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट. शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी विभागाचं कंदीलपुष्पांवरचं (कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानझाडांवरचं) काम देशभर माहीत आहे. वही घ्या, कॅमेरा घ्या, पठारावर जा. खरं संशोधन तिथं.

जेल_चालवणारी (११:०५)
मे महिन्यात मसाई पठारावर काय दिसणार? तापलेला जांभा आणि वाळलेलं गवत. कंदीलपुष्पाचा कंद तेव्हा जमिनीखाली झोपलेला असतो, पठार फुलतं ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि स्टायपेंड कोण देणार, गवे?
मी पुण्यात लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एसीत बसते, आणि मलाही झाडं आवडतात.

सह्याद्री_भटक्या (११:२०)
मे अखेरीला राधानगरीत काजवे असतात, ते बघितलेत का कधी? अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. तेही जीवशास्त्रच आहे.

तांबडा_पांढरा (११:२४)
काजव्याला गेल्या वर्षी गेलतो. काजवं कमी, मोबाइलचं टॉर्च जास्त. एकजण तर गाडीचं हेडलाइट मारून काजवं हुडकत हुता.

सह्याद्री_भटक्या (११:३१)
तेच तर! तो प्रकाश म्हणजे नर-मादीचा निरोप. तुम्ही टॉर्च मारला की निरोप पोचत नाही, जोडी जमत नाही. वन विभाग सांगतो, ऐकतं कोण.

रंकाळ्याचे_मास्तर (११:४५)
काजव्यांसाठी वेगळा धागा काढा.
मुली, एक विचारतो. बारावीला किती होते? सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप मिळते का तुला?

एक_पालक_कागल (दुपारी १२:१०)
मास्तर, मुलगा अकरावीला आहे. नीटसाठी लातूरला ठेवू की कोल्हापुरातच? कृपया मार्गदर्शन करावे.

गवती_चहा (१:३०)
हो सर, इन्स्पायर आहे, एफवायपासून. पण ती स्कॉलरशिप झाली, त्याचा इंटर्नशिपशी काय संबंध?

रंकाळ्याचे_मास्तर (१:५५)
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! काल रात्रीपासून सगळ्यांनी डोकं खाजवलं.
इन्स्पायर शी (SHE) ही स्कॉलरशिप वर्षाला ८०,००० ची. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांना मिळते. त्यातले ६०,००० तुझ्या हातात येतात, महिना ५,००० च्या हिशोबानं. उरलेले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करावा म्हणूनच ठेवलेले आहेत. प्रकल्प कर, अहवाल आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढव. एफवायच्या उन्हाळ्यात केला होतास का?

गवती_चहा (२:०२)
नाही. कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं ८०,००० हा नुसता जाहिरातीतला आकडा आहे.

पीसीआर_पांडू (२:२०)
मग चित्र बदललं. पण हात राखून सांगतो: ते पैसे आधी हातात येत नाहीत. आधी स्वतःचे घालायचे, मागून वसूल. इन्स्पायरचे हप्ते किती वेळेवर येतात ते तुला माहीतच आहे.

गवती_चहा (२:२६)
माहीत आहे. म्हणून तर बॅच घेते.

जेल_चालवणारी (२:४०)
तरी फायदा मोठा आहे, कारण मेलमध्ये पहिल्या ओळीत 'मी इन्स्पायर स्कॉलर आहे, मला लॅबकडून स्टायपेंड नको' असं लिहिता येतं. आमच्या मॅडमना रोज असे मेल येतात. 'रिस्पेक्टेड सर' म्हणून सुरू होणारा, चाळीस जणांना एकदम सीसी केलेला मेल त्या उघडतसुद्धा नाहीत. ज्यात त्यांच्या एखाद्या पेपरबद्दल दोन ओळी असतात, कुठल्या तारखेपासून किती आठवडे ते असतं आणि पैशाचा प्रश्न सुटलेला असतो, त्याला उत्तर जातं. एक पानाचा सीव्ही आणि गुणपत्रक जोडायचं. बस. प्रस्तावना, ध्येय, कलामसाहेबांचं वाक्य, काही नको.

पीसीआर_पांडू (२:५५)
आणि पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तर आठवड्यानं त्याच मेलवर परत एकदा नम्रपणे. तिसऱ्यांदा नाही.

गवती_चहा (३:१५)
कुणाला पाठवू? नावं सांगा ना.

जेल_चालवणारी (३:४०)
माणसांची नावं इथं टाकणार नाही, संस्थांच्या साइटवर यादी असते. बॉटनीसाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्था. तिथं बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, गव्हावर जुनं काम आहे, शेवाळावरही लोक आहेत. बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं) पश्चिम विभागाचं कार्यालय कोरेगाव रोडला, तिथं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. वर्गीकरणाची आवड असेल तर तिथं बसायला मिळणं हेच मोठं. वनस्पतींची रसायनं किंवा टिश्यू कल्चर हवं असेल तर पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थाही पाषाणलाच. एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, पण ते प्राण्यांच्या पेशी, तुझ्या कामाचं कमी.
कॉलेजचं बोनाफाईड आणि प्राचार्यांचं पत्र आजच मागून ठेव. होकार आल्यावर मागितलंस तर त्यातच आठवडा जाईल.

बायोटेक_बॉस (४:१०)
एवढ्या भानगडी कशाला? पुण्यात खासगी ट्रेनिंग सेंटर आहेत. पंधरा दिवसांत डीएनए काढणं, पीसीआरनं त्याच्या प्रती करणं, जेल, ब्लॉटिंग अशी लॅबची सगळी तंत्रं हाताखालून जातात. प्रमाणपत्र मिळतं. मी केलं, फी पंधरा हजारांच्या आत. सीव्हीला वजन येतं.

पीसीआर_पांडू (४:१८)
स्टायपेंड मागणाऱ्या मुलीला फी भरायला सांगताय?

बायोटेक_बॉस (४:२५)
गुंतवणूक म्हणून सांगतोय. लॅबमध्ये दोन महिने भांडी घासायला लावतात, पिपेटला हात लावू देत नाहीत.

जेल_चालवणारी (४:४०)
पहिले दहा दिवस काचेची भांडी मीच धुवायला लावते. ज्याला डिस्टिल्ड वॉटरनं शेवटचा हात फिरवायचं कळत नाही त्याचा प्रयोग फसतो. तुमच्या ट्रेनिंगमध्ये किट आयतं, उत्तर ठरलेलं, जेलवर डीएनएचा पट्टा म्हणजे बँड येणारच. आमच्याकडं तीन आठवडे बँड येत नाही आणि का येत नाही ते शोधावं लागतं. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

बायोटेक_बॉस (४:४६)
ज्याचं त्याचं मत.

रंकाळ्याचे_मास्तर (५:३०)
माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, पटलं तर घे. बाहेरगावचा खर्च हाच अडसर असेल तर यंदा प्रकल्प शिवाजी विद्यापीठातच कर. बॉटनी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक, सगळे विभाग विद्यानगरात एका आवारात आहेत. मार्गदर्शक कार्यरत संशोधक असला म्हणजे झालं. सकाळी शिकवणीची बॅच, अकरानंतर विद्यापीठ. बॅचचे पैसेही राहतात, इन्स्पायरचे वीस हजारही मागून मिळतात. पुढच्या दिवाळीत अकादमीच्या अर्जात लिहायला हा अनुभव असेल.

पीसीआर_पांडू (५:४५)
मास्तर, आदरानं सांगतो, पटलं नाही. बाहेर पडल्याशिवाय कळत नाही. मी बेंगळुरूला गेलो तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की वयानं बरोबरीची पोरं शास्त्रज्ञाला 'तुमचा कंट्रोल (तुलनेसाठी केलेला प्रयोग) चुकलाय' असं तोंडावर सांगतात. हे घरी राहून शिकता येत नाही.

रंकाळ्याचे_मास्तर (६:०२)
तुम्हाला वडिलांनी पहिल्या महिन्याचे पैसे दिले असतील.

पीसीआर_पांडू (६:०५)
दिले होते. बरोबर आहे.

तांबडा_पांढरा (६:१०)
मास्तरांनी डाव टाकला, पैलवान चितपट.

एक_पालक_कागल (६:२२)
लातूरचं कुणी सांगेल का?

गवती_चहा (सोमवार, रात्री ९:१५)
क्लासवाल्यांना मे महिन्याच्या सकाळच्या बॅचला हो सांगितलं. जूनला मी नाही म्हणाले. विद्यापीठात एका मॅडमना भेटले. मे महिना ये म्हणाल्या, पण आधी कॉलेजचं पत्र आण. प्राचार्य रजेवर आहेत. पुण्याला सहा मेल पाठवलेत, प्रत्येकाचा पेपर वाचून. निम्मं कळलं नाही, पण जे कळलं तेवढ्यावरच लिहिलं. एकांचं उत्तर आलंय, जून पूर्ण ये म्हणतायत. प्रश्न एकच, पुण्यात एका महिन्यासाठी मुलीला राहायला कुठं मिळेल? हॉस्टेलवाले वर्षाचे पैसे मागतात.

न्यूजर्सीचे_अण्णा (९:३०)
पुण्यात आमचा फ्लॅट आहे, पण भाड्यानं दिलेला आहे.

पीसीआर_पांडू (९:३८)
दोन ठिकाणी एकेक महिना असेल तर इन्स्पायरला चालतं का ते आधी बघ. प्रमाणपत्र एकाच मार्गदर्शकाकडून सलग सहा-आठ आठवड्यांचं घेतलेलं बरं. मॅडमना विचार, त्या आणि पुण्याचे सर मिळून एकच विषय देतात का. बॉटनीवाले एकमेकांना ओळखतात.

जेल_चालवणारी (१०:०५)
राहण्याचं सांगते. आधी संस्थेला विचार, कुठंकुठं विद्यार्थ्यांसाठी गेस्टरूम असते, पण कुणी आपणहून सांगत नाही. नाहीतर पीजी. मे-जूनमध्ये पोरी परीक्षा देऊन गावी गेलेल्या असतात, खाटा रिकाम्या पडतात. डेक्कन, कर्वे रोडला मालकिणीच महिन्यावर द्यायला तयार होतात. अकरा महिन्यांच्या करारावर सही मागितली तर उठून यायचं. डिपॉझिट एका महिन्याच्या वर द्यायचं नाही आणि दिलं तर पावती घ्यायची. डबा वेगळा लाव, पीजीचं जेवण महिनाभर खाववत नाही.