मंडपाच्या पडद्याचं कापड

सचिन (ए-३०२): गणपतीमागच्या पडद्यासाठी दुकानदाराने तीन नमुने दिलेत. सॅटिन, टेरीकॉट आणि 'प्युअर कॉटन'. सॅटिन स्वस्त आहे, चमकतं छान, इस्त्रीही नको. घेऊन टाकू का?

मेघना (बी-१०४): घ्या. पण समई लांब ठेवा हं. गेल्या वर्षी जवळजवळ पडद्याला टेकली होती.

अमोल (ए-१०१): सॅटिन म्हणजे रेशीमच ना? रेशीम पटकन पेटत नाही म्हणतात.

देशमुख काका (सी-२०१): या भावात रेशीम? अरे, सॅटिन ही विणीची तऱ्हा. मंडपवाल्यांकडचं बहुतेक पॉलिएस्टरच असतं. आमचं आयुष्य त्याच धाग्यात गेलं, म्हणून सांगतो. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल, दोन्ही पेट्रोलियममधून येतात. ती तापवून रेणूंच्या लांबच लांब साखळ्या जोडायच्या की झालं पॉलिएस्टर. पाण्याच्या बाटलीचं 'पेट' (PET) प्लास्टिक म्हणजे तेच. त्याचे चिप्स २८० अंशांच्या आसपास वितळवायचे आणि स्पिनरेट नावाच्या चकतीच्या बारीक भोकांतून दाबून बाहेर काढायचे, सोऱ्यातून शेव पाडतात तसे. थंड हवेवर धागा घट्ट होतो, मिनिटाला ३००० मीटरच्या वेगाने बॉबिनवर गुंडाळला जातो. नंतर तो गरम करून ताणला की साखळ्या एका रेषेत येतात. खरी ताकद तिथे येते.

अमोल: बापरे! आणि चुरगळत नाही ते?

देशमुख काका: घडी उष्णतेने एकदा बसली की टिकते. शिवाय पाणी जवळपास पीतच नाही. वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, तेच कापूस दमट हवेतून ८ टक्के सहज ओढतो. म्हणून पॉलिएस्टर झटकन वाळतं आणि घामात अंगाला चिकटतं.

मेघना: काका, आगीचं सांगा ना. सुतीच बरं का मग?

देशमुख काका: नुसतं सुती तर लवकर पेट घेतं. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसतं, पण २६० अंशांच्या आसपास वितळून ठिबकतं. थेंब कातडीवर पडला तर निघत नाही, खोल भाजतं. आरतीचं ताट धरणाऱ्यांनी झुळझुळीत ओढण्या टाळाव्यात. या तिघांत मला टेरीकॉटची, म्हणजे पॉलिएस्टर-कापूस मिश्र कापडाची, जास्त धास्ती. पॉलिएस्टर ठिबकून दूर जायच्या ऐवजी जळत्या कापसाच्या धाग्यांवरच अडकून राहतं आणि जळत राहतं. कापूस वातीचं काम करतो.

मेघना: हे माहीतच नव्हतं. टेरीकॉट बाद!

देशमुख काका: सचिन, प्रत्येकातला एकेक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवून बघ. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस (व्हिस्कोस रेयॉनही तसंच जळतं, तेही कापसासारखं सेल्युलोजच). टणक मणी उरला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन.

सचिन: केलं. सॅटिनचा सरळ मणी झाला. टेरीकॉटची राख आणि मणी, दोन्ही. आणि त्या 'प्युअर कॉटन'च्या राखेतही बारीक टणक मणी लागतायत हाताला 😡

अमोल: म्हणजे भाव सुतीचा, माल मिक्स 😂

देशमुख काका: परत कर. आणि आग-रोधक प्रक्रिया केलेलं पॉलिएस्टर आहे का विचार, ते मिळतं. तरी समई पडद्यापासून चार फूट. हॅलोजन नको, एलईडीच लावा.

सचिन: संध्याकाळी जातो. मेघनाताई, तुम्ही येता का सोबत? तुम्हाला भाव करता येतो.