मदत हवी आहे: वारासला आईसोबत आधी तलाव की आधी चाविन?

नमस्कार मंडळी. जुलैत आईला (वय ६४) घेऊन पेरूतल्या वारासला जातोय. गावच ३,००० मीटरवर, त्यामुळे विरळ हवेची धास्ती आहे. वास्कारान राष्ट्रीय उद्यानातलं लगुना ६९ हे तळं साधारण ४,६०० मीटरवर, वर दमछाक करणारा चढ. ते रद्दच केलंय. यांगानुकोच्या तलावापर्यंत गाडी जाते, तेवढं जमेल.

खरी ओढ चाविन दे वांतार या प्राचीन मंदिराच्या अवशेषांची. जमिनीखालच्या अंधाऱ्या बोळांत मूळ जागी उभा असलेला लांझोन हा कोरीव दगडी स्तंभ आईला दाखवायचाच आहे. तिने आयुष्यभर इतिहास शिकवला. पण वाटेतला घाट ४,५०० मीटरच्या आसपास जातो. आधी वारासजवळचे विल्कावाइनचे अवशेष बघत हवेची सवय करावी का? बोळांत वाकून चालावं लागतं का? गुडघे दुखतात तिचे. आणि शाकाहारी जेवणाचं काय केलंत?