कांगो तापाच्या विषाणूची वंशावळ वाचायची, की आधी गोचीड मारायची?

भुईकोट
परवा सोलापुरात गड्डा यात्रेच्या जनावर बाजारात एक मेंढपाळ मेंढीच्या कानातल्या गोचिडी उपटत बसला होता. एरंडाच्या बीएवढ्या, टम्म फुगलेल्या. उपटायची, अंगठ्याच्या नखावर धरायची, दुसऱ्या नखानं चिरडायची, रक्त धोतराला पुसायचं, की पुढची. त्याच्या अंगठ्याला चीर पडलेली होती. मी लॅबमध्ये काम करतो, माझी नजर त्या चिरेवरून हलेना.

क्रायमियन-कांगो ताप हायलोमा जातीच्या गोचिडीतून असाच माणसात येतो, आणि जनावर मात्र धडधाकट दिसतं. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत, साणंदकडच्या एका गावात याचे रुग्ण सापडले. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, निदान पक्कं केलं. पहिल्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दोघंही गेले. पुढे २२ राज्यांतल्या जनावरांचं रक्त तपासलं, तर या विषाणूची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, मिळाली.

म्हणून माझं म्हणणं, सोलापूर, सांगोला, पंढरपूरच्या बाजारांतून दरवर्षी गोचिडी गोळा करा आणि विषाणू सापडला तर त्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकीय अक्षरांचं वाचन, कराच; वंशावळ त्यातूनच कळते. याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, तीन सुट्या तुकड्यांचा आहे: एस, एम आणि एल. एकाच गोचिडीत विषाणूचे दोन वाण (वेगळी रूपं) शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. जगभरचे नमुने ताडून पाहिले तेव्हा एसमध्ये २०, एलमध्ये २२ आणि एममध्ये ३१ टक्क्यांपर्यंत फरक निघाला. विषाणूच्या अंगावरची प्रथिनं एमवरूनच बनतात.

बाळीवेस
मी पंचवीस वर्षं दवाखाना चालवतोय. वाण आशियातला की आफ्रिकेतला, हे कळून माझ्या रुग्णाच्या सलाईनमध्ये काय बदलणार? सर्वमान्य लस नाही. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध देतात, पण त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांतच मतभेद आहेत. जीव वाचवतात ते हातमोजे, वेगळी खोली आणि "जनावरांत काम करता का?" हा एक प्रश्न. ताप आहे, प्लेटलेट उतरल्यात, म्हणजे डेंग्यू, असं लिहून आपण मोकळे होतो. पैसा आहे तर तो या प्रश्नावर, हातमोज्यांवर आणि गोचिडीच्या औषधावर घाला.

भुईकोट
डॉक्टर, तो प्रश्न विचारलात आणि नमुना पाठवलात, तरी पुढची पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी, चुकली तर? पीसीआरचे प्रायमर, म्हणजे विषाणू हुडकणारे छोटे जनुकीय तुकडे, ठरावीक अक्षरांवर बसतात. अक्षरं बदलली की रुग्णात विषाणू असून रिपोर्ट निगेटिव्ह. ग्रीसमध्ये १९७५ साली शेळ्यांवरच्या गोचिडीत एपी-९२ हा वाण मिळाला. तो इतका निराळा की कित्येक तपासण्यांना नीट सापडायचा नाही. आता तर त्याला ऐगाई नावाचा वेगळाच विषाणू मानतात. आपल्या बाजारात काय फिरतंय ते पाहिल्याशिवाय तुमच्या निगेटिव्हवर विसंबायचं कसं?

बाळीवेस
प्रायमरचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी माणसाचे आणि गोचिडीचे थोडे नमुने पुण्याला गेले तरी भागतं. दरवर्षी प्रत्येक बाजार कशाला? माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी हातमोजे आणि गोचिडीचं औषध, मग सिक्वेन्सिंग.

खिलार
मी पशुवैद्यक. एक घोळ आधी मिटवू. शेतकरी "गोचीड ताप" म्हणतो तो थायलेरिया या रक्तातल्या परजीवीचा, त्यात संकरित गाय आडवी होते. कांगोत जनावराला काहीच होत नाही. विषाणू त्याच्या रक्तात थोडे दिवस राहतो आणि जातो. गोचिडीत मात्र जन्मभर टिकतो, अंड्यांतून पिलांतही उतरू शकतो. तेव्हा डॉक्टर, जनावराकडे बघून इशारा मिळायचा नाही, गोचीडच तपासावी लागेल. आणि फवारणीला आम्ही गोठ्यात जातोच, त्याच फेरीत गोचिडींची बाटली भरता येते. माझं मत भुईकोटांच्या बाजूनं.

वाडेकरी, सांगोला
तुमचं समदं वाचलं. आमी मेंढरं घेऊन आठ म्हैनं फिरतोय, वाडा, म्हंजी आमचा मेंढरांचा तळ, आज हितं तर उद्या तिकडं. फवारा मारला तरी नव्या रानात नवी गोचीड चढतीच की ओ. नखानं चिरडू नका म्हणताय, मग चिमटा द्या, मोजं द्या. डॉक्टरसायबांचं ह्ये पटतंय. पर बाटली द्या, गोचिडी मी भरून देतो, हजार म्हणाल तर हजार. म्होरं काय निघालं ते वाड्यावर येऊन मराठीत सांगा. आमच्या मेंढरांचं रक्त मागं एकदा काढून न्हेलं, त्याचं काय झालं, आजपातूर कुणी सांगिटलं न्हाई.

बाळीवेस
दादा, चिमटे आणि हातमोजे माझ्याकडून. वाडा सध्या कुठं आहे तेवढं कळवा.