मदत हवी आहे : विहिरीत नायट्रेट वाढलं, युरिया किती कमी करू?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या पूर्वेला, नाग नदीच्या पट्ट्यात आमचं दोन एकर काळं रान आहे. तीन वर्षांपासून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पालक, सांभार (कोथिंबीर) घेतो. युरिया मात्र पहिल्याइतकाच टाकत आलो. आता विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ६२ मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. पिण्यासाठी मर्यादा ४५. घरात आठ महिन्यांची नात आहे, म्हणून ते पाणी लगेच बंद केलं.

उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिलं पाणी त्यातूनच गडप होतं. चिकणमाती अमोनियम धरून ठेवते, नायट्रेट मात्र पाण्यासोबत खाली जातं.

सांडपाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असेल, तर हजार घनमीटरमागे २० किलो नत्र आपोआप मिळतं. तेवढ्या नत्राचा युरिया सरळ वजा करायचा का? ठिबकनं फरक पडेल? मातीचा नमुना किती खोलवरून घ्यावा? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.